ऐतिहासिक युद्धनौकांची तांत्रिक रेखाचित्रे : स्वरूप, विश्वसनीयता आणि प्रतिकृतिकारांसाठी उपयोग

सारांश

ऐतिहासिक युद्धनौकांच्या प्रतिकृती तयार करणारे हौशी कारागीर, वस्तुसंग्रहालये आणि नौदलाच्या इतिहासाचे अभ्यासक या सर्वांचा मुख्य आधार म्हणजे नौकेचे तांत्रिक रेखाचित्र होय. असे रेखाचित्र हे नौकेचे चित्र नसून विशिष्ट काळी, विशिष्ट हेतूने केलेला दस्तऐवज असते. प्रस्तुत लेखात रेषा-आराखड्याची रचना, मुंबईत बांधल्या गेलेल्या ‘त्रिंकोमाली’ या युद्धनौकेच्या रेखाचित्रांचा प्रवास, रेखाचित्राच्या काळनिश्चितीचे महत्त्व, मापनातील दोष आणि रेखाचित्रे उपलब्ध नसताना करावयाची पुनर्रचना यांचा परामर्श घेतला आहे. मराठा आरमारातील गुराबांच्या प्रतिकृतींसंदर्भात या विवेचनातून निष्पन्न होणारी पथ्ये अखेरीस नमूद केली आहेत.

बीजशब्द : रेषा-आराखडा, युद्धनौका, प्रतिकृती, मुंबई गोदी, त्रिंकोमाली, गुराब, पुराव्याची प्रतवारी.

१. प्रस्तावना

लाकडी युद्धनौकेचे आयुष्य मर्यादित असते. काही नौका युद्धात बुडतात, काही वादळात सापडतात आणि उरलेल्या बहुतेक नौका कालांतराने मोडीत काढल्या जातात. नौका नष्ट झाल्यानंतर तिच्याविषयी तीन प्रकारची साधने शिल्लक राहतात. पहिले लेखी वर्णन, दुसरे चित्र व तिसरे तांत्रिक रेखाचित्र. लेखी वर्णन नौकेचा लौकिक सांगते, चित्र तिचा भास निर्माण करते; परंतु नौकेचा आकार मोजता येईल अशा रूपात केवळ रेखाचित्रच जतन करते. याच कारणाने लंडनमधील ग्रिनिच येथील राष्ट्रीय सागरी संग्रहालयाने जतन केलेल्या सुमारे दहा लाख नौका-आराखड्यांच्या संग्रहाला इतिहासाच्या अभ्यासात मोठे स्थान आहे.

या रेखाचित्रांचा वापर करणारा वर्ग मोठा आहे. प्रतिकृतिकाराला त्यावरून लाकूड कापावयाचे असते, संग्रहालयाला दालनात नौका उभी करावयाची असते, इतिहासकाराला एखाद्या लढाईतील नौकांच्या क्षमतेची तुलना करावयाची असते. या वर्गासाठी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्वतंत्र ग्रंथप्रकारही विकसित झाला. फ्रान्समध्ये झाँ बुद्रियो यांनी ७४ तोफांच्या युद्धनौकेवर १९७० च्या दशकात चार खंडांचा सचित्र ग्रंथ सिद्ध केला. इंग्लंडमध्ये ‘अ‍ॅनॅटमी ऑफ द शिप’ या मालेत एकेका नौकेची शेकडो रेखाचित्रे प्रसिद्ध झाली. जॉन मॅके यांचा ‘व्हिक्टरी’वरील ग्रंथ १९८७ मध्ये आणि यानुश स्कुल्स्की यांचा ‘यामातो’वरील ग्रंथ १९८८ मध्ये आला.

अशी साधने सहज उपलब्ध झाल्यामुळे छापील रेखाचित्र हे स्वयंसिद्ध सत्य आहे, असा समज रूढ होण्याचा धोका असतो. प्रत्यक्षात रेखाचित्र कोणी, केव्हा आणि कशासाठी काढले हे ठाऊक नसेल, तर त्यावरून कधीही अस्तित्वात नसलेली नौका तयार होऊ शकते. म्हणून रेखाचित्र ‘वाचण्या’आधी त्याची परीक्षा करणे आवश्यक ठरते.

२. रेषा-आराखडा : संकल्पना व रचना

इमारतीच्या भिंती बहुधा सरळ असतात; त्यामुळे तिचा नकाशा व दर्शनी भाग एवढ्यावर काम भागते. नौकेच्या सांगाड्याचा पृष्ठभाग मात्र दोन्ही दिशांनी वक्र असतो. असा पृष्ठभाग सपाट कागदावर कसा मांडावा, ही नौकारेखनाची मूळ समस्या होय. तिचे उत्तर काल्पनिक छेदांच्या रूपाने शोधण्यात आले. भोपळ्याच्या समांतर फाका केल्यास प्रत्येक फाकेच्या कडेवरून मूळ भोपळ्याचा आकार जसा पुन्हा जुळवता येतो, तसेच हे तत्त्व आहे.

रेषा-आराखड्यात एकाच नौकेची तीन दर्शने असतात. पहिले पार्श्वदर्शन. यात नौका बाजूने दिसते. तळकणा, म्हणजेच कोकणातील जहाजकारांच्या भाषेतील पठाण, नाळेचा कल, पिछाडीची ठेवण, तोफांच्या खिडक्या आणि तक्तपोशीचा किंचित वक्र उतार यांची नोंद यात असते. दुसरे अर्धरुंदी-दर्शन. यात नौका वरून पाहिली जाते आणि पाण्याच्या पातळीला समांतर असे आडवे छेद, म्हणजे जलरेषा, दाखवल्या जातात. नौकेच्या दोन्ही बाजू सारख्या असतात हे गृहीत धरून केवळ अर्धीच रुंदी काढली जाते. तिसरे छेददर्शन. यात लांबीवर ठराविक अंतराने घेतलेले उभे आडछेद एकावर एक काढलेले असतात. ब्रिटिश पद्धतीत उजव्या अर्ध्या भागात पुढील छेद व डाव्या अर्ध्या भागात मागील छेद दाखवतात.

या तीन दर्शनांचे परस्परावलंबन हेच या पद्धतीचे सामर्थ्य आहे. सांगाड्यावरील कोणताही बिंदू तिन्ही दर्शनांत येतो आणि त्याची उंची, रुंदी व लांबीवरील स्थान तिन्हींत जुळावे लागते. एका दर्शनात रेषा थोडी हलवली, तर उरलेल्या दोन दर्शनांतील रेषाही हलवाव्या लागतात. सर्व रेषा जुळल्या आणि कोठेही खळगा वा उंचवटा न राहता सलग वाहू लागल्या, म्हणजे आराखडा निर्दोष झाला असे मानले जाते. ही तपासणी लवचिक लाकडी पट्टी बिंदूंवरून वाकवून केली जाई. प्रतिकृतिकारालाही हीच कसोटी उपलब्ध आहे. प्रकाशित आराखड्यातील दहाबारा बिंदू निवडून ते तिन्ही दर्शनांत पडताळल्यास आराखडा काळजीपूर्वक काढला आहे की केवळ शोभेसाठी छापला आहे, हे तत्काळ समजते.

या पद्धतीचा विकास टप्प्याटप्प्याने झाला. इंग्लंडमधील मॅथ्यू बेकर या जहाजकाराची सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धातील हस्तलिखित रेखाचित्रे केंब्रिजच्या मॉडलिन महाविद्यालयातील पेपिस ग्रंथालयात आहेत. अँथनी डीन याने १६७० मध्ये नौकारेखनाची रीत लिहून ठेवली. स्वीडनच्या फ्रेडरिक हेन्रिक चॅपमन याने १७६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘आर्किटेक्चुरा नॅव्हालिस मर्काटोरिया’ या आलेखसंग्रहाने नौकारेखनाला शास्त्रीय प्रतिष्ठा मिळवून दिली. ब्रिटिश नौदलाने पाव इंचास एक फूट, म्हणजे १:४८ हे प्रमाण सर्वसाधारणपणे स्वीकारले. पुढे प्रतिकृतिकारांमध्येही हेच प्रमाण प्रिय ठरले, याचे कारण ऐतिहासिक आहे.

३. रेखाचित्राचा प्रवास : ‘एबे’ ते ‘त्रिंकोमाली’

रेखाचित्रामुळे नौकेचा आकार एका देशातून दुसऱ्या देशात कसा जातो, आणि काय त्याच्याबरोबर जाऊ शकत नाही, याचे उत्तम उदाहरण मुंबईच्या गोदीत मिळते.

फ्रेंच अभियंता झाक-नोएल साने याच्या आराखड्यानुसार बांधलेली ‘एबे’ ही फ्रिगेट जातीची युद्धनौका १७८२ मध्ये ब्रिटिशांच्या हाती पडली. पकडलेली नौका गोदीत आणून तिच्या सांगाड्याची मापे घेणे व त्यावरून रेषा-आराखडा तयार करणे, ही त्या काळची रूढ प्रथा होती. ‘एबे’च्या अशा आराखड्यावरून ‘लीडा’ ही नौका १८०० मध्ये पाण्यात उतरली आणि पुढे त्याच वर्गाच्या अनेक नौका बांधल्या गेल्या. अर्थात शत्रूच्या जहाजकाराचे कौशल्य कागदावर उतरवून ब्रिटिशांनी आपलेसे केले.

नेपोलियनशी चाललेल्या दीर्घ युद्धांमुळे ब्रिटनमध्ये ओक लाकडाची टंचाई भासू लागली. मुंबईत मात्र सागवान उपलब्ध होते आणि वाडिया घराण्याचे कुशल जहाजकार होते. या घराण्याचे मूळ पुरुष लवजी नसरवानजी वाडिया १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईस आले होते. त्यांच्या वंशातील जमशेटजी बमनजी यांनी ७४ तोफांची ‘मिंडेन’ १८१० मध्ये बांधून मुंबईचा लौकिक सिद्ध केला होता. या पार्श्वभूमीवर ‘लीडा’ वर्गातील एक नौका मुंबईत बांधण्याचा आदेश १८१२ च्या ऑक्टोबरमध्ये देण्यात आला.

आराखडे ‘जावा’ या ब्रिटिश युद्धनौकेवरून मुंबईकडे निघाले. याच नौकेवर मुंबईत बांधल्या जात असलेल्या नौकांच्या तळाला लावावयाचे तांबेही होते. २९ डिसेंबर १८१२ रोजी ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ या युद्धनौकेशी तिची गाठ पडली. लढाईत ‘जावा’ इतकी मोडली की विजेत्यांनी तिला पेटवून दिले. तिच्याबरोबर मुंबईचे आराखडेही गेले आणि इंग्लंडहून दुसरा संच पाठवावा लागला. नौकेचा तळकणा १८१६ मध्ये बसवण्यात आला आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी ‘त्रिंकोमाली’ मुंबईत पाण्यात उतरली. दरम्यान नेपोलियनशी चाललेले युद्ध संपलेही होते. ज्या युद्धासाठी नौका हवी होती ते संपल्यावर ती तयार झाली. या विलंबाच्या कारणांत काही कागदांचे नष्ट होणे हेही एक होते.

या घटनेतून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली अशी की, वाडियांच्या गोदीत लाकूड होते, अनुभव होता, मनुष्यबळ होते; तरी ‘लीडा’ वर्गाची नौका बांधण्यासाठी आराखड्यावाचून पर्याय नव्हता. वर्ग याचा अर्थच मुळी समान आराखडा असा होता. दुसरी गोष्ट अशी की, आराखडा केवळ आकार सांगतो. सागवान किती काळ वाळवावे, दोन फळ्यांची कड एकमेकींत कशी बसवावी, सांधे कशाने बुजवावे हे त्या रेषांत नसते. ते मुंबईच्या जहाजकारांच्या हाती होते. मूळ फ्रेंच रेषा, ब्रिटिश फेरफार आणि मुंबईची कारागिरी अशा त्रिविध संस्कारांतून ‘त्रिंकोमाली’ साकारली. आज ती इंग्लंडमध्ये हार्टलपूल येथे संग्रहालय-नौका म्हणून तरंगत असून, अद्याप पाण्यावर असलेली सर्वांत जुनी ब्रिटिश युद्धनौका म्हणून ओळखली जाते.

४. रेखाचित्र कोणत्या क्षणाचे?

‘त्रिंकोमाली’ची प्रतिकृती करावयाची झाल्यास मुंबईत उतरलेल्या नौकेची करावी की आज हार्टलपूलला दिसणाऱ्या नौकेची, असा प्रश्न उपस्थित होतो. कारण १८१९ मध्ये पोर्ट्समथला पोहोचल्यावर ती सुमारे पाव शतक राखीव ठेवण्यात आली. १८४५ नंतर तिच्या पिछाडीची पुनर्रचना झाली, तोफांची संख्या कमी करून अधिक मारक तोफा बसवण्यात आल्या आणि तिचा वर्गही बदलण्यात आला. विसाव्या शतकात प्रशिक्षण-नौका म्हणून ती ‘फूद्रोयाँ’ या दुसऱ्याच नावाने वावरली. १९९२ मध्ये तिला मूळ नाव परत मिळाले. मूळ आराखड्यातील पिछाडी आणि १८४७ मध्ये सेवेत दाखल झालेल्या नौकेची पिछाडी एकाच प्रतिकृतीत एकत्र आल्यास ती कोणत्याही काळाची राहत नाही.

म्हणून रेखाचित्रांचे तीन प्रकार परस्परांपासून वेगळे ओळखावे लागतात. पहिला संकल्प-आराखडा, यात नौका कशी असावी हे सांगितलेले असते. दुसरा पूर्णत्वाचा आराखडा. यात नौका बांधून झाल्यावर प्रत्यक्षात कशी झाली याची नोंद असते. तिसरा मोजणी-आराखडा, यात पकडलेल्या, दुरुस्तीस आलेल्या वा जतन केलेल्या नौकेची मापे घेऊन रेषा काढलेल्या असतात. संकल्प व पूर्णत्व यांत तफावत असणे ही सामान्य बाब आहे. तसेच मूळ पत्रावरच नंतरचे फेरफार वेगळ्या रंगाच्या शाईने नोंदवण्याची प्रथा होती. अशा पत्राची कृष्णधवल छायाप्रत काढली की रंगभेद नाहीसा होतो आणि दोन काळांच्या रेषा एकाच काळाच्या भासतात.

आधुनिक नौकांनाही हे तत्त्व लागू आहे. भारताची पहिली विमानवाहू नौका ‘विक्रांत’ ४ मार्च १९६१ रोजी नौदलात दाखल झाली. १९७१ च्या युद्धात ती बंगालच्या उपसागरात कार्यरत असताना तिच्यावर सी-हॉक व अलिझे विमाने होती आणि उड्डाणासाठी वाफेवर चालणारा प्रक्षेपक होता. १९८० च्या दशकाच्या अखेरीस प्रक्षेपक काढून तिच्या पुढील भागावर वर चढत जाणारा ‘स्की-जंप’ बांधण्यात आला, कारण आता सी-हॅरियर विमाने आली होती. १९७१ च्या ‘विक्रांत’च्या प्रतिकृतीवर स्की-जंप दाखवणे म्हणजे इतिहासाचा विपर्यास करणे होय. १९९७ मध्ये निवृत्त झालेली ही नौका मुंबईत काही वर्षे संग्रहालय म्हणून होती. २०१४ मध्ये तिची विक्री होऊन ती मोडीत निघाली. आता प्रत्यक्ष नौकेवर जाऊन शंकानिरसन करण्याची सोय उरलेली नाही. त्यामुळे रेखाचित्रे व दिनांकित छायाचित्रे यांचे मोल वाढले आहे.

रेखाचित्राच्या काळनिश्चितीवरून एखाद्या नौकेची ओळखच पणाला लागल्याचे उदाहरण अमेरिकेत घडले. बाल्टिमोर येथे जतन केलेली ‘कॉन्स्टेलेशन’ ही १७९७ ची फ्रिगेट आहे, असे दीर्घकाळ मानले जाई आणि त्यानुसार तिची डागडुजीही होत असे. नौकारेखनाचे अभ्यासक हॉवर्ड चॅपेल यांनी या मतास आक्षेप घेतला. मूळ नौका १८५३ मध्ये मोडण्यात आली आणि १८५४ मध्ये त्याच नावाची नवी नौका बांधली गेली, असे त्यांचे प्रतिपादन होते. हा वाद अनेक दशके चालला. १९९१ मध्ये डेना वेग्नर व सहकाऱ्यांनी अमेरिकी नौदलाच्या संशोधनकेंद्रातून प्रसिद्ध केलेल्या अहवालाने आराखडे, बांधणीचे अर्धप्रतिरूप व कागदपत्रे यांच्या आधारे नौका १८५४ चीच असल्याचे दाखवून दिले. जुनेपणा सिद्ध करणारी काही कागदपत्रे बनावट असल्याचेही उघड झाले. पुढे १९९९ पर्यंत नौकेला तिचे १८५० च्या दशकातील रूप परत देण्यात आले. रेखाचित्राचे अचूक वाचन केवळ छंदापुरते मर्यादित नसते, हे या प्रकरणातून दिसते.

५. मापनातील दोष व घ्यावयाची दक्षता

काळ निश्चित झाल्यानंतरही रेखाचित्रावरून थेट मापे घेणे धोक्याचे असते. त्यातील प्रमुख दोष पुढीलप्रमाणे सांगता येतील.

(अ) कागदाचे आकुंचन : जुना कागद आर्द्रतेनुसार आकुंचन-प्रसरण पावतो आणि लांबी व रुंदी यांत हा बदल समान नसतो. छायाप्रत काढताना त्यात भर पडते. म्हणून छापील प्रमाणावर विसंबून न राहता पत्रावर आखलेली प्रमाणपट्टी आणि नौकेची लेखी नोंदवलेली मापे या दोहोंशी दोन्ही दिशांनी पडताळा घ्यावा. ‘लीडा’ वर्गाच्या नौकेची तोफमजल्यावरील लांबी सुमारे १५० फूट होती. १:४८ प्रमाणात ती ३७.५ इंच भरावयास हवी. प्रतीत ती ३७ इंच भरली, तर प्रत्यक्ष नौकेत दोन फुटांची चूक होते.

(आ) रेषेची जाडी : १:४८ प्रमाणात पाव मिलिमीटर जाडीची रेषा प्रत्यक्षात १२ मिलिमीटर व्यापते. म्हणूनच गोदीत आराखड्यावरून थेट लाकूड कापले जात नसे. मोठ्या सपाट जमिनीवर पूर्णाकारात रेषा पुन्हा आखून, दोष काढून, त्यावरून साचे तयार केले जात. कागद हा निर्णय होता. अंतिम आकार आखणीच्या जमिनीवर ठरत असे.

(इ) फळ्यांची जाडी : लाकडी नौकेचा रेषा-आराखडा सामान्यतः बरगड्यांच्या बाह्य कडेपर्यंतचा असतो, त्यावर बसणाऱ्या फळ्या त्यात धरलेल्या नसतात. ही बाब लक्षात न घेता आराखड्याच्या रेषेवर सांगाडा कापून वर फळ्या बसवल्या तर प्रतिकृती बरोबर येते. परंतु भरीव लाकडातून सांगाडा कोरताना तीच रेषा बाह्य पृष्ठभाग मानल्यास नौका बारीक होते. चार इंची फळी १:९६ प्रमाणात साधारण एक मिलिमीटर भरते; दोन्ही बाजू मिळून दोन मिलिमीटरचा फरक पडतो. संपूर्ण नौकेच्या रुंदीत तो अल्प वाटला, तरी नाळेजवळ जेथे रुंदीच थोडी असते तेथे आकार स्पष्टपणे बिघडतो.

(ई) अनुक्त बाबी : डोलकाठ्या, शिडे, दोरखंड यांचा तपशील रेषा-आराखड्यात नसतो. तो कोष्टकांतून, करारपत्रांतून व समकालीन ग्रंथांतून घ्यावा लागतो. प्रकाशित पुस्तकातील सुबक दोरखंड-रेखाचित्र हे बहुधा अशा साधनांवरून लेखकाने केलेले अनुमान असते, मूळ दस्तऐवज नव्हे.

६. रेखाचित्र नसताना

आतापर्यंतचे विवेचन आराखडा उपलब्ध असलेल्या नौकांविषयी झाले. तथापि अनेक महत्त्वाच्या नौकांचे आराखडे एकतर कधी काढलेच गेले नाहीत किंवा नष्ट झाले.

स्वीडनची ‘वासा’ १० ऑगस्ट १६२८ रोजी पहिल्याच सफरीत स्टॉकहोम बंदरात बुडाली आणि १९६१ मध्ये वर काढण्यात आली. ती ज्या डच परंपरेत बांधली गेली तीत आराखडे काढण्याची पद्धत नव्हती. मुख्य मापे आणि जहाजकाराचे प्रमाणनियम यांवर काम चाले. त्यामुळे प्रत्यक्ष सांगाडा मोजून रेषा काढाव्या लागल्या. या मोजणीत तिच्या दोन्ही बाजू समान नसल्याचे आढळले. नौकेवर सापडलेल्या मोजपट्ट्यांपैकी काही स्वीडिश फुटाच्या तर काही अ‍ॅमस्टरडॅम फुटाच्या होत्या. ‘अर्धरुंदी’ हे गृहीतक प्रत्यक्ष कारागिरीला नेहमीच लागू पडत नाही, ही महत्त्वाची गोष्ट यातून कळते.

जपानच्या ‘यामातो’ची स्थिती वेगळी. आराखडे होते, पण अत्यंत गुप्त असल्याने युद्धाच्या अखेरीस ते मोठ्या प्रमाणावर नष्ट करण्यात आले, आणि नौका ७ एप्रिल १९४५ रोजी बुडाली होती. उरलेले कागद, छायाचित्रे आणि १९८५ मध्ये निश्चित झालेल्या अवशेषांची पाहणी यांच्या साहाय्याने पुनर्रचना करावी लागली. २००५ मध्ये कुरे येथे उघडलेल्या संग्रहालयातील २६.३ मीटर लांबीची १:१० प्रमाणातील प्रतिकृती हे अशा प्रयत्नांचे फलित होय.

मराठा आरमाराच्या संदर्भात अडचण याहून कठीण आहे. येथे नौका शिल्लक नाही आणि आराखडाही नाही. गुराब, गलबत यांची बांधणी अनुभव, प्रमाण आणि नजर यांवर होत असे. उपलब्ध साधने लेखी आहेत. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील ‘आज्ञापत्र’ गुराबा अतिशय मोठ्या वा अतिशय लहान न करता मध्यम करण्याचा सल्ला देते आणि आरमारासाठी लाकूड कोणत्या झाडांचे व कसे घ्यावे हेही सांगते. इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने दोन डोलकाठ्यांची गुराब सुमारे १५० टनांपर्यंत व तीन डोलकाठ्यांची सुमारे ३०० टनांची असल्याचे लिहिले आहे. लांबीच्या मानाने ती पुष्कळ रुंद असून पुढे निमुळती होत जाते व भूमध्य समुद्रातील गॅलीप्रमाणे तिची नाळ पुढे आलेली असते, असे त्याचे वर्णन आहे. या वर्णनावरून नौकेचा स्वभाव कळतो. परंतु ‘पुष्कळ रुंद’ म्हणजे किती, नाळ किती पुढे, तळाचा छेद कसा, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर मोजमापात मिळत नाही.

तरीही जवळपासची साधने पूर्णपणे नाहीत असे नव्हे. त्रिंकोमाली बंदरातील ब्रिटिश गोदीचा मुख्य जहाजकार राहिलेल्या जॉन एडाय याने भारत व श्रीलंकेच्या किनाऱ्यांवरील देशी नौकांविषयीचा लेख १८३४ मध्ये रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्यात पतेमारीसह अनेक नौकांची आकृतींसह माहिती आहे. फ्रेंच नौदल-अधिकारी एदमाँ पारी याने १८३० च्या दशकातील सफरींत आशियाई नौकांची मापे घेऊन १८४० च्या दशकात त्यांचे आराखडे ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. ही साधने व्यापारी नौकांची आहेत आणि मराठा आरमाराच्या अस्तानंतरची आहेत. गुराबेचा पुरावा म्हणून ती वापरता येत नाहीत. मात्र किनाऱ्यावरील बांधणीच्या प्रमाणांची कल्पना देणारे तुलनात्मक साधन म्हणून त्यांचा उपयोग होतो.

अशा पुनर्रचनेचा एक अलीकडील प्रयोग उल्लेखनीय आहे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रातील पाचव्या शतकातील नौकेवरून भारतीय नौदलाच्या प्रकल्पात फळ्या शिवून बांधलेली ‘कौंडिण्य’ ही नौका गोव्यात तयार झाली व २१ मे २०२५ रोजी कारवार येथे नौदलात दाखल झाली. आराखडा नसल्याने सपाट चित्रावरून त्रिमितीय आकार अनुमानाने ठरवावा लागला आणि आयआयटी मद्रासच्या साहाय्याने प्रतिरूपाच्या जलचाचण्या घेऊन तो तपासण्यात आला. ‘कौंडिण्य’ ही युद्धनौका नव्हे. तथापि चित्र, अनुमान, चाचणी आणि मग बांधणी हा तिचा क्रम गुराबेच्या पुनर्रचनेसही मार्गदर्शक ठरू शकतो. येथे अनुमान हे अनुमान म्हणूनच मांडले गेले, हे विशेष महत्त्वाचे आहे.

७. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) तांत्रिक रेखाचित्र हा इतिहासाचा दस्तऐवज आहे. कर्ता, काळ आणि हेतू निश्चित केल्याशिवाय त्याचा आधार घेणे योग्य नाही.

२) एका नौकेची अनेक रूपे असतात. प्रतिकृतीने त्यांपैकी एकाच काळाचे रूप स्वीकारावे आणि ते वर्ष प्रतिकृतीच्या फलकावर नोंदवावे.

३) ‘त्रिंकोमाली’च्या इतिहासावरून दिसते की, आकार कागदावरून प्रवास करतो, कारागिरी मात्र माणसांच्या हाती राहते. कागद नष्ट झाला तर दुसरी प्रत मागवता येते. कारागिरीची दुसरी प्रत कोठेही नसते.

४) गुराब वा गलबताची कोणतीही प्रतिकृती, ती कितीही सुबक असली तरी, आजच्या स्थितीत अनुमानच होय. म्हणून तिच्या आराखड्यावर लिखित पुराव्याने सिद्ध झालेला भाग, तुलनेने अनुमानिलेला भाग आणि केवळ कल्पित भाग वेगवेगळ्या रेषांनी दाखवावा. अशी प्रतवारी न केल्यास आजची कल्पना उद्या संदर्भग्रंथांत पुरावा म्हणून उद्धृत होईल. ‘कॉन्स्टेलेशन’च्या बाबतीत नेमके तेच घडले होते.

५) अमेरिकेत १९३६-३७ मध्ये बेकार नौका-अभियंते व आरेखकांकडून जुन्या व्यापारी नौकांची मोजणी करवून घेण्यात आली, ती रेखाचित्रे स्मिथसोनियन संस्थेत आजही अभ्यासकांना उपलब्ध आहेत. कोकण किनाऱ्यावर आराखड्यावाचून लाकडी होडी बांधण्याची परंपरा आणि ती जाणणारे कारागीर अद्याप आहेत. परंतु फायबरच्या होड्यांमुळे त्यांचे काम घटत चालले आहे. किनारी भागातील महाविद्यालयांना इतिहास, भौतिकशास्त्र व अभियांत्रिकी आरेखन या विषयांच्या सहकार्याने अशा होड्यांचे मोजणी-आराखडे तयार करता येतील. ओळंबा, पाणसळ, मोजपट्टी आणि प्रमाणपट्टीसह घेतलेली छायाचित्रे एवढ्या साधनांवर हे काम सुरू होऊ शकते. मराठा आरमाराचे आराखडे मिळणार नाहीत. ज्या बांधणीपरंपरेतून ते आरमार उभे राहिले, तिचा आज उपलब्ध असलेला शेवटचा पुरावा मात्र कागदावर उतरवणे अजून शक्य आहे.